चौरंगावरची वाळू

नासीर पेंटरनं आयुष्यात हजारो पाट्या लिहिल्या असतील, पण जीव जाळून लिहिलेली एकच. ती आमच्या गावच्या घाटावर आहे. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं, त्यांना काळी सावली. 'कानबाई मातेच्या भाविकांसाठी मोफत वाळू. सौजन्य : हिलाल आप्पा मित्रमंडळ.' अक्षर असं देखणं की शिवी द्यायला तोंड उघडावं आणि आधी 'वा' निघावं. गावाचं नाव मी सांगणार नाही. गिरणेच्या काठी, एरंडोल आणि जळगावच्या मधे कुठेतरी आहे, एवढं पुरे. ज्यांनी ते शोधायला हवं होतं, त्यांना आम्ही सगळे पत्ते कधीच देऊन बसलोय.

मी कोण तेही सांगून टाकतो. धुळ्याला देवपुरात माझा छापखाना आहे आणि त्याच्या जोरावर, म्हणजे खरं तर लग्नपत्रिकांच्या जोरावर, मी एक साप्ताहिक चालवतो. गाव माझंही तेच. नासीर माझ्या वर्गातला, मराठी शाळेतला. शुद्धलेखनात तो माझ्यापेक्षा पुढे होता, आणि हे मी आत्ता सांगतोय कारण त्याला ऐकू येणार नाही. त्याचा डावा कान गेलाय आणि उजवा जाण्याच्या वाटेवर आहे.

बाप पेंटर, म्हणून हाही पेंटर. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार. मग फ्लेक्स आले आणि एका पावसाळ्यात धंदा बसला. उरल्या त्या कबरींवरच्या नावांच्या दगडी पाट्या आणि ट्रॅक्टरच्या मागच्या शायऱ्या. नासीर म्हणायचा, दोन्हीकडे अक्षर सारखंच काढावं लागतं, फक्त कबरीवर शायरी चालत नाही.

पण पंचक्रोशीत त्याला ओळखतात ते पेंटर म्हणून नव्हे. कोणी बुडालं की पोलीस आधी नासीरला फोन करतात आणि मग पंचनाम्याचे कागद शोधतात. तापीच्या पुलाखाली, पांझरेच्या डोहात, धरणाच्या फुगवट्यात, कुणाच्या मळ्यातल्या विहिरीत, जिथे म्हणाल तिथे तो उतरलाय. हे काम आजोबांकडून आलेलं. ना पाठीवर हवेची नळकांडी, ना चष्मा. कमरेला दोर बांधायचा आणि दोराचं दुसरं टोक काठावर कुणाच्या तरी हातात द्यायचं. एक झटका म्हणजे ढील द्या, दोन झटके म्हणजे ओढा. आमच्या नद्यांच्या गढूळ पाण्यात डोळे उघडून उपयोग नसतो. तो डोळे मिटूनच तळाशी जातो आणि हातांनी चाचपत सरकतो. बुडालेल्याच्या घरचं काही घ्यायचं नाही, त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा आजोबांचा नियम त्यानं मोडला नाही. त्याची बायको हसीनाबी यावर म्हणायची, "जिंदे लोगां का काम करके पैसे लाते नै, मुर्दों का तो सोचना बी नै."

एकदा छापखान्यात बसला होता. माझे छापील अग्रलेख वाचून झाल्यावर म्हणाला, "काठावरचं भू लिखतस तुम्ही. पानीखालनं लिखं तं छापशी का?" काठावरचं पुष्कळ लिहिता, पाण्याखालचं लिहिलं तर छापशील का, असं विचारत होता. मी हसत हो म्हणालो, कारण जागा रिकामीच होती. अशी त्याची 'तळ' नावाची लेखमाला सुरू झाली. मी त्यात काना-मात्रा बदलत नसे. तळाशी काय काय हाताला लागतं ते तो लिहायचा. देवांच्या फुटक्या तसबिरी, मूर्तींचे नुसते पंजे, दवाखान्याच्या सुया, एकदा नंबरसकट मोटारसायकल, आणि तो नंबर त्याच्याच हातचा. एका लेखातलं वाक्य मला पाठ आहे. 'तळ वाळूचा असला की पाय ठेवताच कळतं, नदी आपल्याला धरते आहे. तळ गाऱ्याचा असला की तीच नदी ओढते.' गारा म्हणजे आमच्याकडे चिखल. मी ते वाक्य चौकटीत छापलं. वाचकांची चार पत्रं आली, त्यातली दोन त्याच्या अक्षराबद्दल होती, कारण शीर्षक तो स्वतः काढून द्यायचा.

आता कानबाईचं सांगायला हवं. खानदेशाबाहेरच्या माणसाला ती ठाऊक नसते, आणि इथल्या माणसाला सांगावी लागत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. चौरंगावर नारळाची देवी, तिला नथ, दागिने, रात्रभर गाणी. घरात नैवेद्याचे रोट होतात. सोमवारी सकाळी बायका तो चौरंग डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर जातात आणि देवीचं विसर्जन करतात. पण तिथे संपत नाही. रिकामा चौरंग घरी न्यायचा नसतो. त्याच चौरंगावर नदीतली वाळू घालून ती घरी आणायची, तिची पूजा करायची. वाळू नदीचीच हवी, पाण्यातून काढलेली. गिरणा एवढी वाळूची नदी की आमच्या आज्यांना त्यासाठी पायरीवरून वाकलं तरी पुरायचं.

या सोमवारासाठी नासीरनं एक काम अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घाटाच्या दोन्ही टोकांना पाण्यात उतरत गेलेले दगडी ओटे आहेत. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी, ज्येष्ठात, पाणी कमी असताना तो त्या ओट्यांमधला सगळा तळ पायांनी आणि हातांनी तपासायचा. श्रावणात जिथून पुढे कंबरेच्या वर पाणी येईल तिथे दोन्ही ओट्यांवर तांबड्या रंगाचा पट्टा मारायचा आणि शेजारी लिहायचा : 'या पट्ट्याच्या अलीकडे उतार. पलीकडे जाऊ नये.' पूर आला की पाणी वाढायचं, पण श्रावणात बहुधा उतरलेलं असायचं. एका पट्ट्यापासून दुसऱ्या पट्ट्यापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढायची, तिच्या आत निर्धास्त राहायचं. बायका लेकींना सांगायच्या, पेंटरभाऊनी रेघ ओलांडू नको. कित्येक वर्षं त्या घाटावर कुणी बुडालं नाही.

ज्या वर्षीचं सांगतोय, त्या वर्षीही ज्येष्ठात त्यानं तळ तपासला आणि पट्टे मारले. रंग अजून वाळायचा होता तोवर हिलाल आप्पाचं यंत्र नदीत उतरलं. हिलाल आप्पा म्हणजे आमच्या गावचे वाळूवाले. लिलाव झालेला असो की नसो, त्यांचे डंपर नदीतून निघतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बाकीचं पात्र त्यांनी आधीच खरवडून नेलं होतं. घाटापाशी वाळू शिल्लक होती, कारण लोक तिथे अंघोळीला जायचे आणि आप्पांना देवाधर्माची चाड आहे, असा आमचा समज होता. तेव्हा नासीर तापीवर एका बुडालेल्या मजुराला शोधत होता. तो परत आला तोवर पाऊस पडला होता आणि गिरणेला गढूळ पाणी आलं होतं. ओट्यांवरचे पट्टे तसेच तांबडे होते. आतला तळ त्यांच्याखालून गेला होता, आणि ते कुणी त्याला सांगितलं नाही. ज्यांना माहीत होतं ते आप्पांचे ट्रॅक्टर चालवत होते.

रत्नाअक्का आमच्या गल्लीतली. नवरा लवकर गेला, अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबली, एकुलत्या लेकीला जळगावच्या कॉलेजात घातलं. लेकीचं नाव पुनम. शाळेत तिला सायकल मिळाली तेव्हा तिच्यावर नाव नासीरनंच लिहिलं होतं, फुकट, आणि नावाशेजारी एक मोर. त्या वर्षी अक्काचे गुडघे धरले म्हणून चौरंग पहिल्यांदा पुनमनं डोक्यावर घेतला. विसर्जन झालं. वाळूसाठी ती पायरीवरून वाकली तर हाताला नुसता गाळ आणि गोटे. ती एक पाऊल पुढे गेली, मग आणखी एक. बायका सांगतात, तिनं मान वळवून ओट्यावरचा पट्टा पाहिला होता, आपण आत आहोत याची खात्री केली होती. पुढच्या पावलाला ती दिसेनाशी झाली. चौरंग तेवढा तरंगत राहिला.

नासीर घाटावरच होता. दोर बांधायलाही थांबला नाही. तिला वर आणायला त्याला बरेच सूर मारावे लागले, इतका तो खड्डा खोल होता. काठावर तिला ठेवलं आणि तो तसाच गुडघ्यांवर बसला. मी धुळ्याहून दुपारी पोचलो तेव्हाही तिथेच होता. मला म्हणाला, "पट्टाना मजारच व्हती." पट्ट्याच्या आतच होती. रत्नाअक्का त्याच्यावर ओरडली असती, त्याला मारलं असतं, तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "तू लिखेल व्हतं ना, भाऊ."

दुसऱ्या दिवशी त्यानं तारेच्या ब्रशनं दोन्ही ओट्यांवरचे पट्टे खरवडून काढले. जुन्या वर्षांचे थर एकाखाली एक होते, तेही काढले, दगड पांढरा पडेपर्यंत. बोटांतून रक्त येत होतं. हसीनाबी डोक्यावर पदर घेऊन तिथे उभी होती आणि त्याला थांबवत नव्हती.

त्यानंतर नासीर नदीचा झाला. लोक याला पर्यावरणप्रेमी वगैरे म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. प्रेम करणाऱ्या माणसाला झोप तरी लागते. त्याच्या डोक्यात एकच होतं, पुढच्या श्रावणातला सोमवार. खड्डा बुजला पाहिजे, नाही तर निदान घाट बंद झाला पाहिजे, नाही तर पुन्हा कुणाची तरी पोर वाळूसाठी एक पाऊल पुढे टाकणार. तो 'तळ'मधून दर आठवड्याला हेच लिहू लागला. मी छापत राहिलो.

तालुक्याला तहसील कचेरीत आम्ही दोघे अर्ज घेऊन गेलो. साहेब सज्जन होते, चहा पाजला. म्हणाले, "खड्डा पाण्याखाली आहे. न दिसणाऱ्या खड्ड्याचा पंचनामा कसा करणार? पाणी ओसरलं की या." पाणी ओसरल्यावर गेलो. खड्डा उघडा पडला होता, त्यात बैल उभा केला तर शिंगं दिसली नसती. साहेब म्हणाले, "आता पाणीच नाही, मग धोका कुठंय?" मी चिडून काहीबाही बोललो. बाहेर आल्यावर नासीर मला म्हणाला की साहेबाच्या जागी मी असतो तर मीही बहुतेक हेच म्हणालो असतो. त्याच्या या समजूतदारपणाचा मला फार राग येतो.

ग्रामसभेत तो उभा राहिला तेव्हा मागच्या बाकांवरून कुणीतरी विचारलं, "पेंटर, तुझ्या घराचा स्लॅब काय साखरेचा आहे?" सगळे हसले. हसण्यासारखंच होतं, अर्ध्या गावाच्या चुली आप्पांच्या ट्रॅक्टरवर पेटतात. मग ट्रॅक्टरांच्या शायऱ्या यायच्या बंद झाल्या. कबरी तेवढ्या राहिल्या, कारण मेलेल्यांना आप्पांची भीती नसते.

एवढ्यात त्याचे लेख वाचून मुंबईच्या एका समुद्र वाचवणाऱ्या मंडळानं त्याला भाषणाला बोलावलं. सोबत मी गेलो. ते सगळे खोल पाण्यात सूर मारणारे, नळकांडीवाले, इंग्रजी बोलणारे, मनानं चांगले. पन्नाशीला आलेल्या या माणसानं तोवर समुद्र पाहिला नव्हता. किनाऱ्यावर चपला काढून पाण्यात उभा राहिला, पायानं तळ चाचपला आणि मला म्हणाला, "वाळू शे." मग म्हणाला, "इतली वाळू पडेल शे, आनी कोन्ही लई जात नही?" भाषणात त्यानं सांगितलं की आमची गिरणा तापीला मिळते, तापी समुद्राला मिळते, आमची वाळू वाहत वाहत तुमच्याकडे यायची, आता ती बिल्डिंगींमधे जाते, तेव्हा तुमचा किनारा वाचवायचा तर आमच्या घाटावर या. खूप टाळ्या पडल्या. फोटो निघाले. घाटावर कुणी आलं नाही. त्यांचाही दोष नाही म्हणा, समुद्र केवढा मोठा, त्यांना तोच पुरत नाही.

त्या उन्हाळ्यात कानाचं दुखणं विकोपाला गेलं. पुनमसाठी मारलेल्या सुरांनी डाव्या कानाचा पडदा फाटला होता, त्यात पू झाला. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यात जायचं नाही, आता डुबकी म्हणजे दुसराही कान. हसीनाबीनं डॉक्टरांच्या समोर त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून त्याच्याकडून शपथ घेतली.

आषाढ आला तसा तो वेड्यासारखा करू लागला. बायकांना सांगून पाहिलं, या वर्षी अंगणातली माती घ्या. बायका म्हणाल्या, आईला नदीची वाळूच लागते, नासीरभाऊ, तुम्हाले माहीत शे ना. त्याला माहीत होतं. आणि जास्त जोर धरता येत नव्हता, कारण मुसलमानानं कानबाईच्या रिवाजात तोंड घातलं असं म्हणायला गावात चार जण टपलेले असतात. पोरांना म्हणाला, त्या दिवशी हातात हात धरून पाण्यात उभे राहा. पोरं हो म्हणाली. मग कळलं की तीच पोरं बँडपुढे नाचणार आहेत. पोलिसांनी एक होमगार्ड देऊ केला, त्याला पोहता येत नव्हतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण इथे नवरी कुणाची तरी लेक होती आणि ती मरणार होती, फक्त कोणती, एवढंच ठाऊक नव्हतं.

नागपंचमीच्या आधी मी गावी गेलो तेव्हा तो ओट्यावर बसला होता. खाली खड्ड्यावरून पाणी शांत वाहत होतं. मला म्हणाला, "आप्पाकडे चाल."

मी म्हणालो, "कशाला?"

"वाळू मांगाले." वाळू मागायला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. घाटाच्या वरच्या पायरीवर वाळूचा ढीग असला तर कुणी पाण्यात उतरणार नाही. बायकांना सांगता येईल, ही नदीचीच वाळू आहे, आणि ते खोटंही नव्हतं. तेवढी वाळू एकाच माणसाकडे होती. मी त्याला खूप बोललो. म्हणालो, वर्षभर ज्याच्याविरुद्ध लिहिलंस त्याच्याच दारात जायचं? त्याच्या ट्रॉलीची वाळू घाटावर पडली की तुझी तक्रार संपली, हे कळतं का? तो म्हणाला, कळतं. मी चिडून म्हणालो, चोराच्या हातची लंगोटी म्हणून घे मग. तो उठला, पाठ झटकली आणि म्हणाला, "लंगोटी बी आपलीच व्हती."

हिलाल आप्पा पोर्चमधे झोपाळ्यावर बसले होते. स्वागत केलं. माणूस तसा वाईट नाही, हेच तर अवघड आहे. गावची ॲम्ब्युलन्स त्यांची, कानबाईचा बँड त्यांचा, पुनमच्या दिवसांना पहिला मंडप त्यांनीच टाकला होता. नासीरचं ऐकून घेतलं आणि हसले. म्हणाले, "पेंटर, मना बारामा पेपरमा लिखस, आनी मनाकडेच वाळू मांगाले येस?"

"हां, आप्पा."

"मी सोडी दिधी तं दुसरा काढी. हाई तुले माहीत शे." मी सोडली तर दुसरा काढेल, असं.

"माहीत शे."

"मंग एक काय, दोन ट्रॉल्या टाकस. आईनं काम शे." झोपाळा पायानं थांबवून ते पुढे म्हणाले, "पेपरमा काय लिखनं ते लिख. मनं काय जास? पन घाटवर बोर्ड लागी. आनी तो तुनाच हातना पायजे."

मी नासीरकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा उठेल. तो म्हणाला, "पत्रा तुम्हना, रंग मना." पत्रा तुमचा, रंग माझा. बुडालेल्याच्या घरचं पाणी न पिणारा माणूस, त्यानं रंगसुद्धा आप्पांचा घेतला नाही, पण नाव त्यांचं लिहिलं. तो बोर्ड त्यानं अंगणात बसून लिहिला. हसीनाबी सांगते, तीन वेळा पुसला, अक्षर वाकडं आलं म्हणून. त्याचं अक्षर वाकडं येत नाही. चौथ्यांदा लिहिला तो आजही घाटावर आहे.

सोमवारी सकाळी वरच्या पायरीवर वाळूचा ढीग पडला होता, स्वच्छ, चाळलेली, पिवळसर गिरणेची वाळू. बोर्डाला झेंडूची माळ. आप्पांनी नारळ फोडला. बँड आला, चौरंग आले, विसर्जनं झाली. बायका खालच्या पायरीवर बसून देवी सोडत होत्या आणि वर येऊन ढिगातली वाळू ओंजळीनं चौरंगावर घेत होत्या. म्हाताऱ्या म्हणत होत्या, आप्पाचं कल्याण होवो, किती वर्षांनी अशी वाळू पाहिली. नासीर शेवटच्या पायरीवर, पाण्याकडे तोंड करून उभा होता. मी त्याच्या मागे दोर घेऊन, उगाच. होमगार्ड सावलीत बसला होता. एकही बाई पाण्यात उतरली नाही.

तालुक्याचे साहेब आले होते. ढीग पाहिला, बोर्ड वाचला, अक्षर ओळखलं. नासीरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सुटला ना पेंटर, तुमचा प्रश्न? तुम्ही दोघांनी मिळून सोडवलात, छान झालं. आता त्या अर्जाचं काय काम." ते डाव्या कानाच्या बाजूनं बोलत होते. नासीरला ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही. तो मान हलवत राहिला.

गर्दी ओसरल्यावर रत्नाअक्का आली. एकटीच. गुडघे धरत, डोक्यावर चौरंग, ना बँड ना गाणं. तिनं देवी सोडली आणि रिकामा चौरंग काखेत घेऊन वर आली. ढिगापाशी थांबली. बोर्ड वाचला. मग वळली आणि परत खाली गेली, पाण्याच्या दिशेनं. नासीर आडवा झाला.

"हाई घे ना, अक्का. नदीनीच शे."

"चोरीनी शे," ती म्हणाली. "आईले चोरीनं चालत नही. सरक. मी काढी लेस."

"अक्का, मजार खड्डा शे."

"माले माहीत शे कोठे शे खड्डा."

ती खरंच उतरणार होती. तिच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलं, आणि त्यानंही पाहिलं. वर्षभर ज्या एका बाईला तो वाचवायला धडपडत होता, ती ही असेल असं आम्हा दोघांच्याही मनात आलं नव्हतं. त्यानं सदरा काढला. मी म्हणालो, नासीर, कान. तो म्हणाला, दोर धर. कमरेला गाठ मारली, पायऱ्या उतरला आणि पाण्यात गेला.

माझ्या हातातून दोर सरकत गेला. एक झटका आला, मी ढील दिली. पुन्हा एक. मग दोन, आणि मी ओढलं. तो वर आला तेव्हा मुठीतून काळा गारा गळत होता. त्यानं तो पाहिला, टाकला आणि पुन्हा खाली गेला. या वेळी लांब, ओट्याच्या मुळाशी. पुन्हा गारा. तिसऱ्यांदा त्याला वर ओढताना दोर जड लागला, तो स्वतः हात मारत नव्हता. पायरीवर आणून बसवला. डाव्या कानातून पू, उजव्यातून रक्ताची बारीक धार. तरी मूठ घट्ट होती. उघडली, तर तेच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एवढ्या मोठ्या गिरणेच्या तळाशी एका चौरंगापुरती वाळू नव्हती, आणि पाठीमागे पायरीवर तिचा दोन ट्रॉल्यांचा ढीग पडला होता.

"वाळू नही व अक्का," तो म्हणाला. आणि रडायला लागला, मोठ्यानं, कारण त्याला आता स्वतःचा आवाज कळत नव्हता. "गाराच शे बठ्ठा."

रत्नाअक्कानं चौरंग त्याच्यापुढे धरला. "मंग गाराच दे," ती म्हणाली. "मनी पोर बी त्यामाच सापडनी व्हती."

त्यानं मूठभर गारा चौरंगावर ठेवला. तिनं हळदकुंकू वाहिलं, चौरंग डोक्यावर घेतला आणि पायऱ्या चढून गेली. काळं पाणी तिच्या कपाळावरून ओघळत होतं. तिनं ते पुसलं नाही.

नासीर आता सूर मारत नाही. 'तळ' बंद आहे. मी दोनदा विचारलं, त्यानं कानाकडे बोट दाखवलं, जणू लिहायला कान लागतात. पण ज्येष्ठ आला की तो रंगाचा डबा घेऊन घाटावर जातो. पूर्वी ओट्यांवर पट्टे मारायला जायचा त्याच दिवसांत. उन्हानं बोर्डाचा रंग उडालेला असतो. नाव पुसट झालं तर आप्पा ट्रॉली पाठवायचे नाहीत, आणि ट्रॉली आली नाही तर बायका पाण्यात उतरतील. म्हणून तो शिडी लावतो आणि हिलाल आप्पांचं नाव पुन्हा ठळक करतो.